स्वयंचलित इन्स्टॉलेशनमध्ये भाषा, लोकेल आणि कीबोर्ड यांची व्यवस्था कशी लावावी

एकाच संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम हाताने बसवताना भाषेचा प्रश्न पहिल्याच पडद्यावर येतो. आपण यादीतून एक नाव निवडतो, पुढे जातो आणि तो प्रश्न विसरतो. तेच काम नेटवर्कवरून शेकडो संगणकांवर, समोर कोणी बसलेले नसताना करायचे असेल, तर उत्तर आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवावे लागते, आणि ते लिहायला बसल्यावर लक्षात येते की तो एक प्रश्न नव्हताच. पडद्यावरील मजकुराची भाषा, तारीख आणि आकडे मांडण्याची पद्धत, कीबोर्डची मांडणी, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरसंकेत पद्धत) न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमसाठीचे संकेतन, कालक्षेत्र आणि फॉन्ट अशा निदान सहा गोष्टी ‘भाषा’ या एका शब्दाखाली लपलेल्या असतात. त्या वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्या जातात, वेगवेगळ्या टप्प्यांवर लागू होतात आणि, सर्वांत जास्त घोळ घालणारी बाब म्हणजे, वेगवेगळ्या खात्यांवर लागू होतात. या तिन्ही बाबींचा उलगडा आधी करून घेतला, तर पुढचे काम सरळ आहे.

वाचण्यापूर्वी एक सूचना. या लेखात आज्ञा, फाइलींची नावे आणि संकेतांक उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांतच लिहायचे आहेत.

पहिली पायरी: फाइल उघडण्यापूर्वी तक्ता लिहा

ज्या प्रकारच्या संगणकांवर इमेज (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमची बसवण्यासाठी तयार ठेवलेली प्रत) जाणार आहे, त्या प्रत्येक प्रकारासाठी वर सांगितलेल्या सहा गोष्टींची उत्तरे एका तक्त्यात लिहून काढावीत. हे काम दहा मिनिटांचे आहे, पण ते टाळले की पुढे दहा दिवस जातात. तक्त्यात ‘भाषा: मराठी’ असे लिहून भागत नाही. मेनू आणि संवादचौकटी मराठीत हव्यात का, की त्या इंग्रजीत ठेवून फक्त मराठी टायपिंगची सोय हवी आहे? तारीख दिवस-महिना-वर्ष अशी हवी का? आठवडा सोमवारी सुरू व्हावा का? दशांश चिन्ह टिंब असावे की स्वल्पविराम? लॉगिनच्या पडद्यावर कोणता कीबोर्ड चालू असावा? हा शेवटचा प्रश्न बहुतेक तक्त्यांत नसतो आणि बहुतेक तक्रारी तिथूनच येतात.

मजकुराची भाषा आणि आकड्यांची पद्धत यांचा निर्णय जाणीवपूर्वक वेगवेगळा करावा, असे माझे ठाम मत आहे. एक उदाहरण पुरे आहे. मराठी लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेश यांनुसार ठरणाऱ्या पद्धतींचा संच) युनिकोडच्या लोकेल-माहितीनुसार अंक मूलतः देवनागरी असतात, त्यामुळे ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला १२३ ही संख्या या लोकेलनुसार मांडायला सांगितली, तर ती देवनागरी अंकांत येते. वाचणाऱ्या माणसासाठी हे योग्यच आहे. परंतु तोच मजकूर पुन्हा संख्या म्हणून वाचणारा एखादा अंतर्गत प्रोग्रॅम केवळ रोमन अंक ओळखत असेल, तर तो तिथेच अडतो. जर्मन किंवा फ्रेंच लोकेलमध्ये दशांशासाठी येणारा स्वल्पविराम हाच गोंधळ दुसऱ्या वाटेने करतो. म्हणून लोकेल ठरवण्यापूर्वी त्या संगणकावर कोणते प्रोग्रॅम चालणार आहेत, हे विचारून घ्यावे.

संकेतांक लिहिण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. विंडोज भाषा आणि प्रदेश यांच्यामध्ये हायफन घालते, म्हणजे मराठीसाठी ‘एमआर-आयएन’, तर लिनक्स अधोरेषा घालते आणि बहुधा त्यापुढे टिंब देऊन ‘यूटीएफ-८’ असे संकेतन जोडते. कीबोर्डच्या बाबतीत दोन्हीकडे आणखी वेगळी नावे आहेत. विंडोजमध्ये चार अंकी भाषा-क्रमांक, मग अपूर्णविराम आणि मग आठ अंकी मांडणी-क्रमांक अशी जोडी लागते: अमेरिकी इंग्रजीसाठी ०४०९:०००००४०९, जर्मनसाठी ०४०७:०००००४०७, आणि मराठीसाठी ०४४ई:०००००४४ई. हे आकडे सोळा-आधारी पद्धतीचे असल्यामुळे त्यांत ए ते एफ ही अक्षरे येतात.

दुसरी पायरी: विंडोजच्या आन्सर फाइलमधील दोन घटक

विंडोजच्या विनाहस्तक्षेप इन्स्टॉलेशनसाठी एक्सएमएल स्वरूपाची आन्सर फाइल लागते. ती मायक्रोसॉफ्टच्या असेसमेंट अँड डिप्लॉयमेंट किटमधील सिस्टीम इमेज मॅनेजरने तयार करता येते. या फाइलमध्ये सात टप्पे असतात, पण भाषेच्या दृष्टीने त्यांतील दोनच महत्त्वाचे आहेत. पहिला ‘विंडोज पीई’, जेव्हा सेटअप नुकताच सुरू झालेला असतो आणि डिस्कवर अजून काहीही उतरलेले नसते. दुसरा ‘ओओबीई सिस्टीम’, म्हणजे नवीन संगणक पहिल्यांदा सुरू होताना स्वागताचे पडदे येण्याआधीचा टप्पा.

पहिल्या टप्प्यात ‘इंटरनॅशनल कोअर विनपीई’ हा घटक वापरावा लागतो. त्यात सेटअपची स्वतःची भाषा सांगणारा ‘सेटअप यूआय लँग्वेज’ हा वेगळा कप्पा आहे आणि त्याच्या बाहेर ‘इनपुट लोकेल’, ‘सिस्टीम लोकेल’, ‘यूआय लँग्वेज’ आणि ‘यूझर लोकेल’ ही चार मूल्ये आहेत. सेटअपची भाषा म्हणून जे नाव द्याल, ते त्या इन्स्टॉलेशन माध्यमात खरोखर उपलब्ध असले पाहिजे. ते नसेल, तर सेटअप भाषा विचारणारा पडदा दाखवून थांबतो आणि रात्रभर उत्तराची वाट पाहत राहतो.

दुसऱ्या टप्प्यात ‘इंटरनॅशनल कोअर’ हा घटक येतो. नावात ‘विनपीई’ नाही, बाकी मूल्ये जवळपास तीच आहेत, आणि येथेच अनेक जण फसतात: पहिल्या टप्प्यात सगळे भरले आहे, तर पुन्हा कशाला, असे वाटून हा घटक सोडून दिला जातो. इन्स्टॉलेशन थेट माध्यमावरून होत असेल, तर कदाचित निभावून जाईल. परंतु इमेज विंडोजच्या सिसप्रेप या साधनाने सामान्य करून (म्हणजे त्या एका संगणकाच्या खुणा पुसून) घेतली असेल आणि ती डिस्कवर थेट उतरवली जात असेल, तर सेटअप चालतच नाही, विंडोज पीईचा टप्पा येतच नाही, आणि त्यात लिहिलेली उत्तरे कोणी वाचत नाही. मग पहिल्या स्टार्टला प्रदेश आणि कीबोर्ड विचारणारे पडदे समोर येतात. म्हणून दोन्ही ठिकाणी मूल्ये भरावीत आणि ती एकसारखी ठेवावीत.

प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला प्रोसेसरचा प्रकार लिहिलेला असतो. तो इमेजच्या प्रकाराशी जुळत नसेल, तर सेटअप कोणतीही तक्रार न करता तो घटक वगळतो. दुसऱ्या कोणाची फाइल उचलून वापरताना हे पहिल्यांदा तपासावे, कारण चूक दाखवणारा संदेश येत नसल्यामुळे शोध भलत्याच दिशेने जातो.

कालक्षेत्र या घटकांत नसते. ते ‘शेल सेटअप’ या घटकात असते आणि तेथे विंडोजच्या यादीतील पूर्ण नावच द्यावे लागते. लिनक्समधील खंड-शहर स्वरूपाची नावे तेथे चालत नाहीत.

मायक्रोसॉफ्ट डिप्लॉयमेंट टूलकिट वापरणाऱ्यांना हीच मूल्ये ‘कस्टम सेटिंग्ज’ या आयएनआय फाइलमध्ये लिहिता येतात. तेथे कीबोर्डसाठी ‘कीबोर्ड लोकेल’ असे नाव आहे आणि प्रश्नाचा पडदा टाळण्यासाठी ‘स्किप लोकेल सिलेक्शन’ला होकार द्यावा लागतो. पडदा वगळला म्हणजे उत्तर मिळाले असे होत नाही. वगळण्याची ओळ आणि मूल्याची ओळ अशा दोन्ही लिहाव्यात.

लॉगिनच्या पडद्यावर काय घडते

‘इनपुट लोकेल’मध्ये अर्धविराम देऊन एकापेक्षा जास्त कीबोर्ड लिहिता येतात आणि त्यांतील पहिला हा मूळ कीबोर्ड ठरतो. ही एक ओळ मी एकदा उलट्या क्रमाने लिहिली होती, मराठी आधी आणि इंग्रजी नंतर, आणि त्याचा परिणाम अजून डोळ्यांसमोर आहे. एका प्रशिक्षण केंद्रातील सगळे संगणक रात्रीत बसवून झाले होते, पडदे अगदी व्यवस्थित दिसत होते आणि सकाळी एकही जण लॉगिन करू शकत नव्हता. पासवर्डच्या चौकटीत ठिपके उमटत होते, त्यामुळे टायपिंग बरोबर होत आहे असेच वाटत होते; प्रत्यक्षात त्या ठिपक्यांमागे देवनागरी अक्षरे जात होती. कोपऱ्यातल्या लहानशा भाषा-चिन्हाकडे लक्ष जाईपर्यंत आम्ही नेटवर्क, डोमेन आणि खाती सगळे तपासून बसलो होतो.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की पासवर्ड ज्या लिपीत आहेत, त्या लिपीचा कीबोर्ड यादीत पहिला असला पाहिजे, मग मेनू कोणत्याही भाषेत असोत. लॅटिन लिपीच्या भाषांमध्ये हा दोष जास्त फसवा असतो, कारण तेथे बहुतेक अक्षरे जागच्या जागीच असतात. जर्मन मांडणीत वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, तर फ्रेंच मांडणीत ए आणि क्यू तसेच डब्ल्यू आणि झेड एकमेकांच्या जागी असतात व अंकांसाठी शिफ्ट दाबावी लागते. अशा ठिकाणी काही पासवर्ड चालतात, काही चालत नाहीत, आणि दोष खात्यांचा आहे असे वाटत राहते.

विंडोज पीईमध्ये, म्हणजे इमेज उतरवण्यासाठी जे लहान वातावरण सुरू होते त्यातही, कीबोर्ड वेगळा असू शकतो. तेथे शेअर केलेल्या फोल्डरसाठी पासवर्ड टाकावा लागत असेल, तर ‘डब्ल्यूपीई-युटिल’च्या ‘सेट कीबोर्ड लेआउट’ या आज्ञेने मांडणी बदलता येते, किंवा बूट इमेजमध्येच ती आधी बसवून ठेवता येते.

तिसरी पायरी: इमेजमध्ये भाषा भरणे

आन्सर फाइल भाषा निवडते. ती भाषा इमेजमध्ये भरत नाही. इमेजमध्ये नसलेली भाषा मागितली, तर मागणी निष्फळ ठरते. म्हणून इमेज डिझम या विंडोजच्या इमेज हाताळणाऱ्या साधनाने फोल्डरवर माउंट करून (म्हणजे फोल्डरसारखी उघडून) तीत आधी भाषेचे भाग भरावे लागतात.

विंडोजमध्ये सर्व भाषांचा दर्जा सारखा नाही, हे येथे समजून घ्यावे. काही भाषांना पूर्ण लँग्वेज पॅक मिळतो, जो कॅब फाइल म्हणून इमेजमध्ये जोडता येतो आणि ज्याला दुसऱ्या भाषेचा आधार लागत नाही. मराठीसारख्या इतर अनेक भाषांना अंशतः अनुवादित इंटरफेस मिळतो. तो लोकल एक्स्पीरियन्स पॅक म्हणून, म्हणजे अ‍ॅपसारख्या पुडक्यात परवाना-फाइलसह येतो आणि त्याच्याखाली इंग्रजीसारखी पूर्ण भाषा असावी लागते. जे भाग अनुवादित नाहीत, ते त्या आधारभाषेत दिसतात. म्हणूनच आन्सर फाइलमध्ये ‘यूआय लँग्वेज फॉलबॅक’ असे एक मूल्य आहे आणि अशा भाषांसाठी ते भरणे आवश्यक आहे. पूर्ण पॅक ‘अ‍ॅड पॅकेज’ने जोडतात, तर एक्स्पीरियन्स पॅक ‘अ‍ॅड प्रोव्हिजन्ड अ‍ॅपेक्स पॅकेज’ने.

पॅकबरोबर मागणीनुसार जोडण्याचे भाग येतात: मूलभूत भाषासाहाय्य, फॉन्ट, हस्तलेखन, मजकुराचे वाचन, चित्रातील अक्षरओळख. यांतील मूलभूत भाग नेहमी जोडावा, कारण फॉन्ट सोडून बाकीचे त्याच्यावर अवलंबून असतात. देवनागरी दाखवण्यापुरता निर्मला यूआय हा फॉन्ट विंडोजमध्ये मुळातच असतो. पण मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट आता देवनागरीच्या फॉन्ट-भागात हलवलेले आहेत. कार्यालयातील जुनी कागदपत्रे मंगलमध्ये असतील, तर तो भाग इमेजमध्ये घातल्याशिवाय ती उघडल्यावर रचना बदललेली दिसेल. इंटरनेट नसलेल्या संगणकांवर हे भाग नंतर आपोआप उतरत नाहीत, म्हणून ते इमेजमध्येच असलेले बरे.

क्रमाचे महत्त्व फार आहे. आधी लँग्वेज पॅक, मग जोडभाग, आणि सर्वांत शेवटी एकत्रित अपडेट असा क्रम ठेवावा. अपडेट आधी बसवले आणि भाषा नंतर जोडली, तर त्या भाषेच्या फाइली जुन्याच आवृत्तीच्या राहतात आणि अपडेट पुन्हा बसवावे लागते.

भाषा भरून झाल्यावर डिझमच्याच ‘सेट-ऑल-इंटल’ या पर्यायाने मजकूर, पद्धती आणि कीबोर्ड एका फटक्यात ठरवता येतात. सोयीचा असला तरी हा पर्याय मी भारतीय भाषांसाठी टाळतो. कारण तो युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रॅमसाठीचे लोकेलही त्याच भाषेचे करू पाहतो, आणि मराठी किंवा हिंदीसारख्या केवळ युनिकोडमध्ये असलेल्या भाषांना जुने संकेतन-पृष्ठच नाही. डिझमचा ‘सेट-सिस-लोकेल’ हा पर्याय अशा भाषेसह अयशस्वी होतो. म्हणून मजकुराची भाषा, यूझर लोकेल आणि इनपुट लोकेल स्वतंत्रपणे द्यावेत, आणि सिस्टीम लोकेल इंग्रजीचे ठेवावे. बाहेरून मिळालेली जुनी जपानी किंवा रशियन अवजारे चालवायची असतील, तेव्हाच त्या मूल्याला हात लावावा. शेवटी ‘गेट-इंटल’ने इमेजची स्थिती वाचून तक्त्याशी ताडून पाहावी आणि मगच बदल जतन करून माउंट सोडावे.

वापरात नसलेल्या भाषा काढून टाकणारे एक नियोजित काम विंडोजमध्ये असते. एकाच इमेजमध्ये अनेक भाषा ठेवून प्रत्येक वापरकर्त्याला निवड द्यायची असेल, तर न वापरलेले पॅक काही दिवसांनी गायब झाल्याचे आढळते. धोरणांच्या नोंदींमधील ‘ब्लॉक क्लीनअप ऑफ अनयूज्ड प्रीइन्स्टॉल्ड लँग पॅक्स’ हे मूल्य १ केले, की ही सफाई थांबते.

चौथी पायरी: सिस्टीम खाते आणि नवीन वापरकर्ते

प्रशासकाने लॉगिन करून सगळे मराठीत केले, इमेज घेतली, आणि तरी प्रत्येक नवा वापरकर्ता इंग्रजीतच उगवतो, ही तक्रार अतिशय वारंवार ऐकू येते. याचे कारण असे की भाषेची निवड ही प्रत्येक खात्याची स्वतःची असते, आणि दोन अदृश्य खाती त्यात विसरली जातात. एक म्हणजे सिस्टीम खाते, ज्याची सेटिंग्ज लॉगिनच्या पडद्यावर दिसतात आणि जे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) ‘डॉट डीफॉल्ट’ या नावाखाली असते. दुसरे म्हणजे यूझर्स फोल्डरातील ‘डीफॉल्ट’ हा साचा, ज्याची नक्कल करून प्रत्येक नवीन प्रोफाइल तयार होते. नावे सारखी असली, तरी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एकीत बदल करून दुसरी बदलत नाही.

विंडोज ११ मध्ये यासाठी पॉवरशेलची ‘कॉपी-यूझर-इंटरनॅशनल-सेटिंग्ज-टू-सिस्टीम’ ही आज्ञा आहे. चालू वापरकर्त्याची भाषा, पद्धती आणि कीबोर्ड ती या दोन्ही ठिकाणी पोहोचवते; ‘वेलकम स्क्रीन’ आणि ‘न्यू यूझर’ हे दोन्ही पर्याय होकारार्थी द्यावेत. त्याआधी ‘सेट-विन-यूझर-लँग्वेज-लिस्ट’, ‘सेट-कल्चर’ आणि ‘सेट-विन-होम-लोकेशन’ यांनी चालू खाते हवे तसे करून घ्यावे. या आज्ञा चालू खात्यावर काम करतात, म्हणून स्क्रिप्ट सिस्टीम खात्यातून चालत असेल, तर ‘चालू खाते’ कोणते आहे याचा विचार करावा. जुन्या आवृत्त्यांमध्ये हेच काम एका लहानशा एक्सएमएल फाइलने होते, जी कंट्रोल पॅनेलच्या ‘इंटल’ भागाला आज्ञेच्या ओळीवरून दिली जाते आणि जिच्यात सिस्टीम खात्यावर व डीफॉल्ट खात्यावर नक्कल करावी, असे दोन गुणधर्म असतात.

पाचवी पायरी: लिनक्सच्या तीन वाटा

लिनक्समध्ये नियम कमी आणि स्पष्ट आहेत, पण प्रत्येक घराण्याची फाइल निराळी आहे.

डेबियनमध्ये इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे देणारी प्रीसीड फाइल असते. येथील मुख्य अडचण क्रमाची आहे. प्रीसीड फाइल नेटवर्कवरून येणार असेल, तर ती मिळण्यासाठी आधी नेटवर्क सुरू व्हावे लागते, आणि इन्स्टॉलर भाषा व कीबोर्ड त्याच्याही आधी विचारतो. म्हणजे उत्तर पोहोचण्यापूर्वीच प्रश्न येऊन गेलेला असतो. यावर दोन उपाय आहेत. भाषा, देश आणि कीबोर्डची मूल्ये कर्नलच्या बूट-ओळीतच द्यावीत, किंवा त्या ओळीत ‘ऑटो’ हा पर्याय चालू करून प्राधान्य ‘क्रिटिकल’ ठेवावे, ज्यामुळे हे प्रश्न फाइल मिळेपर्यंत पुढे ढकलले जातात. अतिरिक्त लोकेल ‘सपोर्टेड लोकेल्स’ या उत्तरात लिहावेत. मराठीबाबत एक बारकावा असा की लोकेल तयार करण्याच्या ‘लोकेल डॉट जेन’ या फाइलमध्ये जर्मनची ओळ ‘डीई-डीई टिंब यूटीएफ-८’ अशी असते, तर मराठीचे लोकेल मुळातच यूटीएफ-८ असल्यामुळे त्याच्या नावात टिंब आणि संकेतन येत नाही. संकेतन फक्त दुसऱ्या स्तंभात येते. जर्मनच्या ओळीची नक्कल करून मराठीची ओळ शोधणारी स्क्रिप्ट येथे रिकाम्या हाताने परतते.

रेड हॅट आणि फेडोरा यांच्या किकस्टार्ट फाइलमध्ये ‘लँग’ ही एक ओळ मुख्य भाषा ठरवते आणि ‘अ‍ॅड सपोर्ट’ या पर्यायात इतर भाषा स्वल्पविरामाने, मध्ये जागा न सोडता, जोडता येतात. कीबोर्डच्या ओळीत ‘व्हीसी कीमॅप’ हा साध्या कन्सोलसाठी आणि ‘एक्स लेआउट्स’ हा ग्राफिकल पडद्यासाठी असे दोन पर्याय आहेत. ‘स्विच’ने मांडणी बदलण्याची कळ ठरते. लहान आकाराच्या इन्स्टॉलेशनमध्ये ग्लिबसीचा (लिनक्सच्या मूलभूत सी लायब्ररीचा) किमान भाषा-संच येतो, ज्यात सी आणि पॉझिक्स (कोणत्याही एका भाषेची नसलेली मूळ लोकेल) या कुळाबाहेरचे काहीच नसते. त्यामुळे पॅकेजांच्या यादीत हव्या त्या भाषेचा ग्लिबसी लँगपॅक स्पष्टपणे लिहावा. तो नसेल, तर लोकेल बदलता येत नसल्याचा इशारा प्रत्येक लॉगिनला दिसत राहतो.

याच घराण्यात डिस्क कूटबद्ध करणाऱ्यांनी विशेष जपावे. बूट होताना डिस्कचा पासफ्रेज ज्या कीबोर्डने टाइप होतो, तो आरंभीच्या रॅमडिस्कमध्ये (बूटच्या सुरुवातीला स्मृतीत उतरणाऱ्या लहान फाइलसंचात) बंदिस्त झालेला असतो. नंतर स्क्रिप्टने कन्सोलचा कीबोर्ड ठरवणारी ‘व्ही-कन्सोल’ फाइल बदलली, पण ड्रॅकट चालवून रॅमडिस्क नव्याने तयार केली नाही, तर पासफ्रेज जुन्याच मांडणीने घेतला जातो. दोन मांडण्यांत वेगळी असणारी अक्षरे आणि चिन्हे पासफ्रेजमध्ये नसावीत, हा साधा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल ही यॅमल स्वरूपाची पद्धत आहे. ‘लोकेल’, ‘कीबोर्ड’ आणि ‘टाइमझोन’ अशा तीन किल्ल्या आणि कीबोर्डखाली ‘लेआउट’, ‘व्हेरियंट’ व ‘टॉगल’ एवढ्यातच काम होते. येथे एक खरा सापळा आहे. नॉर्वेच्या कीबोर्डचा संकेत ‘एनओ’ आहे आणि यॅमल १.१ च्या नियमाने अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला हा शब्द अक्षरे म्हणून नव्हे, तर नकार म्हणून वाचला जातो. म्हणून मांडणीचे संकेत नेहमी अवतरणचिन्हांत लिहावेत. ही सवय सर्वच भाषांसाठी लावून घ्यावी.

क्लाउडवर चालणाऱ्या इमेजमध्ये पहिल्या बूटला क्लाउड-इनिट हा सुरुवातीची जुळणी करणारा प्रोग्रॅम लोकेल स्वतःच्या मूल्याने पुन्हा लिहू शकतो. इमेजमध्ये घातलेले लोकेल टिकवायचे असेल, तर त्याच्या फाइलमध्ये तेच मूल्य द्यावे किंवा ‘लोकेल’ला नकार द्यावा.

सर्व्हरसाठी वेगळा विचार

वापरकर्त्याच्या टेबलावरील संगणक त्याच्या भाषेत असावा, असे मला मनापासून वाटते. सर्व्हरबाबत मात्र माझे मत निराळे आहे. तेथील स्क्रिप्ट आज्ञांचे मजकूर वाचून निर्णय घेतात, आणि तो मजकूर अनुवादित झाला किंवा दशांश चिन्ह बदलले, की स्क्रिप्ट गप्प राहून चुकीचे उत्तर देते. म्हणून सर्व्हरवर ‘सी टिंब यूटीएफ-८’ हे लोकेल ठेवावे, ग्लिबसीच्या २.३५ आवृत्तीपासून ते मूळ संचातच आहे. तारीख स्थानिक पद्धतीने हवी असेल, तर तेवढाच ‘एलसी-टाइम’ हा विभाग बदलावा. ‘एलसी-ऑल’ कायमस्वरूपी कोठेही लिहू नये, कारण ते बाकी सगळ्या विभागांवर मात करते आणि नंतरचा कोणताही बदल निष्प्रभ करते.

डेटाबेस बसवण्याआधी लोकेल ठरलेले असणे अत्यावश्यक आहे. डेबियनवर पोस्टग्रेस्क्यूएलचे पॅकेज बसताक्षणी डेटाबेस-संच तयार करते आणि त्या क्षणी चालू असलेले लोकेल त्याला चिकटते. त्या वेळी साधे ‘सी’ लोकेल असेल, तर संचाचे संकेतन ‘एसक्यूएल-अ‍ॅस्की’ होते, आणि ते सुधारण्यासाठी माहिती बाहेर काढून, संच नव्याने करून, पुन्हा भरावी लागते. स्वयंचलित स्क्रिप्टमध्ये लोकेलची पायरी पॅकेजांच्या पायरीच्या वर ठेवली, की हा त्रास उद्भवत नाही.

दुरून लॉगिन करताना एसएसएच (सुरक्षित दूरस्थ जोडणीचा) क्लायंट आपल्या संगणकाची लोकेल-मूल्ये सर्व्हरकडे पाठवू शकतो. सर्व्हरवर ते लोकेल नसेल, तर इशारे दिसतात आणि इमेजमध्येच दोष आहे असा समज होतो. इमेज बदलण्यापूर्वी सर्व्हरच्या कन्सोलवरून एकदा लॉगिन करून पाहावे.

सहावी पायरी: तपासणी

चाचणी आभासी यंत्रावर, अगदी पहिल्या बूटपासून आणि हात न लावता करावी. मग पाच गोष्टी पाहाव्यात, याच क्रमाने. लॉगिनच्या पडद्यावर कोणता कीबोर्ड आहे? प्रशासकाचा पासवर्ड, त्यातील चिन्हांसह, टाइप होतो का? पूर्णपणे नवीन खाते तयार केले, तर त्याला अपेक्षित भाषा मिळते का? दोन वेळा रीस्टार्ट केल्यावर आणि एक अपडेट बसल्यावर हे सगळे तसेच राहते का? आणि शेवटी, मजकूर नीट दिसतो का?

मराठीसाठी शेवटच्या प्रश्नाची चांगली कसोटी म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘बाळ’, ‘ऑक्टोबर’ आणि ‘श्लोक’ हे शब्द. ‘दुसऱ्या’मधील डोळ्याच्या पापणीसारखा र फॉन्टला आणि मजकूर जुळवणाऱ्या इंजिनाला दोघांनाही जमावा लागतो, तो तुटून हलन्तासह दिसला, तर फॉन्टचा भाग राहून गेला आहे. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची सोय असते, तो कोणते दाखवायचे हे मजकुराच्या भाषेवरून ठरवतो. म्हणजे या दोन अक्षरांकडे नुसते पाहूनही भाषेची खूण प्रोग्रॅमपर्यंत पोहोचली आहे की नाही, याचा अंदाज येतो. लिनक्सच्या साध्या कन्सोलवर ही कसोटी लावू नये. तेथे जोडाक्षरे जुळवण्याची सोयच नसते, आणि म्हणूनच डेबियनचा इन्स्टॉलरही मराठी फक्त ग्राफिकल रूपात देतो.

आज्ञांनी खात्री करायची, तर विंडोजमध्ये डिझमचे ‘गेट-इंटल’ चालू सिस्टीमवर चालवावे आणि ‘गेट-विन-यूझर-लँग्वेज-लिस्ट’ नव्या खात्यातून पाहावी. लिनक्समध्ये ‘लोकेल’, ‘लोकेल-सीटीएल स्टेटस’ आणि उपलब्ध लोकेलची यादी देणारी ‘लोकेल वजा ए’ या तिन्ही चालवाव्यात, व त्या भाषेचे फॉन्ट आहेत का हे ‘एफसी-लिस्ट’ला भाषेचा संकेत देऊन विचारावे.

काही चुकले असेल, तर अंदाज न बांधता नोंदी वाचाव्यात. विंडोजच्या सेटअपची नोंद विंडोज फोल्डरातील ‘पँथर’ या उपफोल्डरात असते आणि वापरली गेलेली आन्सर फाइलही तेथेच सापडते. आपण लिहिलेली आणि प्रत्यक्ष वापरली गेलेली फाइल एकच आहे का, हे तेथे कळते. डिझमची नोंद ‘लॉग्ज’ फोल्डरातील त्याच्या नावाच्या उपफोल्डरात असते. डेबियन आणि उबुंटू आपल्या नोंदी ‘व्हार’मधील ‘लॉग’च्या ‘इन्स्टॉलर’ फोल्डरात ठेवतात, तर रेड हॅट घराणे तेथेच ‘अ‍ॅनाकोंडा’ या नावाने ठेवते. सापडलेली दुरुस्ती थेट संगणकावर करून सोडू नये. ती आन्सर फाइलमध्ये, प्रीसीडमध्ये किंवा किकस्टार्टमध्ये लिहावी, तक्त्यातील त्या रकान्यासमोर तारखेसह नोंदवावी आणि आभासी यंत्र पुसून पहिल्या बूटपासून पुन्हा चालवावे.